मामंजींचा हात आणि एरंडेल

लग्न होऊन मी बोरीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि घरात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच. त्यामुळे सगळ्या याद्या माझ्याकडे आल्या: वाणसामान, पापडांचे दिवस, आणि पुढे मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, पोट.

मामंजींच्या यकृतात कॅन्सरची गाठ होती. ती बरी होणार नाही, हे परभणीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तरी माणूस हिंडता-फिरता होता. फक्त मधूनच डोक्यात घोळ व्हायचा. मग सासूबाईंचं लुगडं नेसायला घेत, म्हशीला ‘तहसीलदारसाब’ म्हणून सलाम ठोकत.

आम्ही लिंगायत. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच जेवायचं. घोळाच्या दिवशी मामंजींचा पुढे धरलेला हात पाखराच्या पंखासारखा फडफडायचा. आळीतल्या बायांना वाटलं, शिवाचा संचार! नारळ घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. सासूबाईंना मात्र लिंग खाली पडायची धास्ती. म्हणाल्या, "उद्यापासून पूजा आपला ल्योक करंल. तुमी नुसतं बघा."

मामंजींचे डोळे भरले. "हातात लिंग न्हाई, तर मी कशाला हाय?"

मी कागद घेतला. जेवण, झोप, शौच, हात, बोलणं असे रकाने पाडले. तीन आठवड्यांत दिसलं की दोन दिवस पोट साफ नसलं की आधी हात फडफडतो, दुपारी बोलणं भरकटतं. डॉक्टरांनी कागद वाचला. "पोटातलं विष त्यांच्या यकृताला गाळता येत नाही, ते डोक्यात चढतं. पोट तुंबू देऊ नका."

मी नियम केला. आधी रिकामा हात पुढे धरायचा. फडफडला तर एरंडेल, आणि हात थांबल्यावर पूजा.

"सूनबाई, लय कडक जमादार हाईस तू," मामंजी कुरकुरत, पण पीत.

नेमका आमचे गुरू जंगमस्वामी आले त्या सकाळी हात फडफडला. मी एरंडेल दिलं. घरच्या कर्त्याची पूजा झाल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत, त्यामुळे पूजा अडली तसं स्वामींचं जेवणही अडलं. मामंजी तांब्या घेऊन परसाकडे जात, परत येत, हात पुढे धरून दाखवत.

"अजून न्हाई," मी म्हणे.

"अगं, स्वामी उपाशी बसलेत!" सासूबाई पुटपुटल्या.

ऊन कलल्यावर हात थांबला. लिंग तळहातावर पूजाभर स्थिर राहिलं.

"शिवाची कृपा," स्वामी ताटाकडे बघत म्हणाले.

"कृपा शिवाचीच," मामंजी म्हणाले, "एरंडेल सूनबाईचं."

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी पूजेचं तबक मामंजींपुढेच ठेवलं आणि मला विचारलं, "बघितलास का गं हात?"