डावीकडून पहिले धोंडबाजी

धोंडबाजींची उंची चार फूट अकरा इंच होती. हे मी अंदाजाने सांगत नाही, मी स्वतः नऊ वर्षं दर पावसाळ्यात ती मोजून वहीत लिहिली आहे. ती कधी बदलली नाही, आणि तरीही दर वर्षी मोजायची, असा आमच्या विभागप्रमुखांचा नियम होता. त्यांना सगळे बापूजी म्हणत.

मी तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. महाल भागातून सायकल हाणत यायचो, आणि येईपर्यंत धोंडबाजींनी प्रयोगशाळा झाडून, बेडकांच्या हौदातलं पाणी बदलून ठेवलेलं असायचं. हुद्द्याने ते अटेंडंट, पण फॉर्मेलिनच्या बरण्यांमधलं काय कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. लॅटिन नावं ते आपल्या पद्धतीने उच्चारायचे आणि आम्ही हसलो तर म्हणायचे, "बरणी तर बराबर देल्ली न?" कोपऱ्यात माणसाचा सांगाडा होता. दर शनिवारी त्याची कवटी पुसायला त्यांना स्टुलावर चढावं लागे. ते सक्करदऱ्याला, तलावाजवळ राहत. छप्पन साली धर्मांतराच्या दिवशी त्यांनी वर्षाच्या मुलाला खांद्यावर घेतलं होतं, कारण गर्दीत त्यांना स्वतःला समोरचं काहीच दिसत नव्हतं. "म्या नाही पाह्यलं, पण पोट्ट्यानं सगळं पाह्यलं," असं ते मोठ्या समाधानाने सांगत.

बापूजींचा एक आवडता प्रयोग होता. पहिल्या वर्षाची मुलं आली, की ऑगस्टातल्या पहिल्या उघडीपीला तो व्हायचा. आधी प्रयोगशाळेत दोन पिशव्या ठेवायच्या, एक आईची, एक बापाची. दोन्हींत लाल आणि पांढरी बरबटी सारखीच मिसळलेली. बरबटी म्हणजे पुण्याकडचे लोक जिला चवळी म्हणून तिची किंमत वाढवतात ती. धोंडबाजी ती इतवारीच्या बाजारातून आणत. प्रत्येकाने न बघता सहा दाणे एका पिशवीतून काढायचे, सहा दुसरीतून, आणि पांढरे किती आले ते फळ्यावर लिहायचं. बाराच्या बारा पांढरे जवळपास कधीच कोणाला येत नसत. शून्यही नाही. पाच, सहा, सात यांचीच झुंबड उडे.

मग बापूजी सांगत, "उंचीचं असंच आहे, पांढरा दाणा म्हणजे उंची वाढवणारा. तिचं एकच एक बीज नसतं, अनेक असतात, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. अर्धी आईची, अर्धी बापाची. कोणती अर्धी, ते कोणाच्या हातात नाही. त्यावर पुन्हा खाणंपिणं, आजारपण. कातडीचा रंग घ्या, बोटांवरच्या रेषा घ्या, तीच गोष्ट. म्हणून माणसांत उंच आणि बुटकी अशी दोनच खाती नसतात, मधल्या सगळ्या पायऱ्या भरलेल्या असतात."

त्यानंतर सगळे मैदानावर. धोंडबाजींनी सकाळीच फक्कीने पट्टे आखलेले असत, एकेका इंचाला एक पट्टा. मी भिंतीपाशी उंची मोजायची आणि मुलाने आपल्या पट्ट्यात जाऊन एकामागे एक उभं राहायचं. वर्गातल्या मुली सहा-सात, तेवढ्यांत आकार येत नाही म्हणून त्या व्हरांड्यात बसून नोंदी करत. वरच्या गच्चीवरून पाहिलं की मधे मुलांचा ढीग आणि दोन्ही बाजूंना उतार, असा सुरेख आकार दिसे. बापूजी त्याचा फोटो काढत.

फक्त डावीकडचं टोक ओकंबोकं राही. तेवढा ठेंगणा मुलगा वर्गात सहसा नसायचाच. मग बापूजी वरून हाक मारत, "धोंडबा, या!" धोंडबाजी हात पुसत यायचे आणि चार फूट अकराच्या पट्ट्यात एकटेच उभे राहायचे. सगळा वर्ग हसे. तेही हसत. मीही हसत असे, आणि आज त्याची लाज वाटते. त्यांना चालतं का, हे आमच्यापैकी कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

वर्षानुवर्षं हे ऐकून धोंडबाजींनी त्या शास्त्रातून आपल्यापुरती एक आशा काढली होती. त्यांची बायको अंजनाबाई चांगली उंच, घराच्या दारातून वाकून जाणारी. थोरली प्रेमिला आईवर गेली होती. बापाने आवाज चढवला की म्हणायची, "बाबा, वर पाहून बोला." आता मुलगा बळीराम. त्याच्या वाट्याला आईची अर्धी मूठ चांगली यावी, एवढंच त्यांचं मागणं.

"सर, अर्धे दाने तिचे न?" ते मला मधूनच विचारत.

"हो, पण कोणते ते सांगता येत नाही."

"पांढरेच येतीन जी. पोरीले आले, त्याले काहून नाही येणार?"

दाण्यांवर सोडून ते स्वस्थ बसले नाहीत. मुलाला दूध, केळी, आणि तलावाकाठच्या कडुलिंबाच्या फांदीला रोज सकाळी शंभर आकडे म्हणेपर्यंत लोंबकळणं. दोन वर्षं तो लोंबकळला. झाडाची फांदी तेवढी खाली आली, असं अंजनाबाईंचं मत होतं.

त्र्याहत्तर साली बळीराम आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आला. कॉलेजात जाणारा त्यांच्या घरातला तो पहिला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी धोंडबाजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सर, या साली मले उभं नका करू."

"का हो?"

"पोट्टा राह्यते न वर्गात. घरी सांगतलं हाय का पोट्ट्यायची वळ मीच लावतो. ते काही खोटं नाही. पन वळीत उभा राह्यतो अन् पोट्टे हासतात, हे नाही सांगतलं."

बळीरामच्या वर्गात कोणालाच अजून ठाऊक नव्हतं की अटेंडंटचा मुलगा बाकावर बसतो. मी म्हटलं, तुम्ही आत बरण्या धुवा, बापूजींना मी सांभाळतो. त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. धोंडबाजी नसले तर त्या टोकाला कोण उभं राहील, हा साधा विचार मात्र आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नाही. दर वर्षी माणसं मोजणारे आम्ही!

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. दाणे झाले, फळा भरला, मुलं मैदानावर आली. मी एकेकाला भिंतीला टेकवून मोजत होतो. बळीराम आला. तरतरीत मुलगा, नवा पांढरा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. पट्टी खाली आणली आणि माझा हात थांबला. पाच फूट एक. त्याने टाचा किंचित उचलल्या होत्या, त्या मी पाहिल्या नाहीत असं दाखवलं. इलाज नव्हता, आकडा सांगितला.

तो आपल्या पट्ट्यात गेला. मागे कोणी आलं नाही. पाच-दोनचा पट्टा रिकामा, पाच-तीनचाही रिकामा, आणि पाच-चारपासून सगळी गर्दी. मुलांनी डावीकडे पाहिलं आणि हशा पिकला. तोच हशा, दर वर्षीचा. पण त्या दिवशी तो मला ऐकवेना. कोणीतरी ओरडलं, "सर, याले शाळेतून कोनं आनलं?" बापूजी गच्चीवर कॅमेऱ्यात डोळा घालून होते, त्यांना आकार दिसत होता, मुलगा दिसत नव्हता. बळीराम बुटांकडे पाहत उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

मी प्रयोगशाळेच्या खिडकीकडे पाहिलं. धोंडबाजी तिथे उभे होते, हातात बरणी घेऊन. किती वेळ ते मला माहीत नाही. मग खिडकीत ते दिसेनासे झाले आणि दार उघडलं.

ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून आले. हात ओलेच होते. मुलाच्या समोरून गेले, त्याच्याकडे न बघता, आणि चार-अकराच्या पट्ट्यात त्याच्याही डावीकडे ताठ उभे राहिले. मान वर करून गच्चीकडे म्हणाले, "सर, एक मोजाचा राहून गेल्ता."

हशा पुन्हा उसळला, आता त्यांच्याकडे वळलेला. धोंडबाजींच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी वहीत डोकं घातलं.

तेव्हा बळीरामने मान वर केली. दोन रिकामे पट्टे सोडून उभ्या असलेल्या मुलांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हे माहे बाबा आहेत."

हसणं एकेक करत विझलं. बळीराम अजून त्या मुलांकडेच बघत होता. धोंडबाजींनी मधल्या रिकाम्या पट्ट्यावरून हात लांब करून त्याला हळूच ढोसलं.

"समोर पाह्य गा," ते म्हणाले, "फोटो निघून राह्यला."