मावशीचा पास

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या लष्करी वसाहतीत प्रत्येक गोष्टीची नोंद असते. कडुनिंबाच्या झाडांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेत, नळांना नंबर आहेत, पंखे मोजलेले आहेत. माणसंही मोजलेलीच. मी इथल्या भांडारात कारकून. मला क्वार्टर मिळालं तेव्हा कार्डावर तीन नावं चढली: मी, नवरा, मुलगी. आई-वडील असते तर त्यांचीही चढली असती. आईची बहीण मात्र नियमात बसत नाही. ती घरात सापडली तर पोटभाडेकरू ठरते, आणि पोटभाडेकरू सापडला की क्वार्टर हातचं जातं.

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. मावशी तेव्हा नुकतीच विधवा झालेली. तिनं मला चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत वाढवलं, वेण्या घातल्या, माझ्या टायपिंगच्या परीक्षेला बाहेर उन्हात बसून राहिली. म्हातारपणी तिची ती बिल्डिंग पाडायला काढली, तेव्हा मी तिला उचलून इकडे आणलं. दोन वर्षं ती माझ्याकडे चोरून राहिली. गॅलरीत यायचं नाही, जिन्यात कुणाशी बोलायचं नाही, बेल वाजली की आतल्या खोलीत जायचं. तिनं कधी कुरकुर केली नाही. मीच करायचे.

मग कुणीतरी तक्रार केली. एका सकाळी तपासणीचे सुभेदार रजिस्टर घेऊन दारात. मावशीला आत पळायला वेळच मिळाला नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसून सांबाराचे छोटे कांदे सोलत होती. अंगावर धुऊन विटलेलं सुती लुगडं, पदर खोचलेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मावशी, साहेबांना कॉफी टाक."

सुभेदारांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, तुम्ही मराठी? मी साताऱ्याचा!" मग मावशीकडे बघत म्हणाले, "आमच्याकडेपण कामवालीला मावशीच म्हणतात."

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्यात मावशी म्हणजे आईची बहीण, दुसरं काही नाही. हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हटलं, "हो ना."

कांद्याचं साल सोलता सोलता मावशीचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. ती उठली, कॉफी करून आणली, आणि ट्रे टेबलावर ठेवून भिंतीशी उभी राहिली. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. सुभेदार माणूस सज्जन. त्यांनी विचारलं, "मुक्काम इथं नाही ना यांचा?" मी म्हटलं, "छे." "मग पास करून घ्या. मी शिफारस करतो." त्यांनी रजिस्टरात तीन नावांपुढे तीन खुणा केल्या आणि ते खाली गेले. क्वार्टर वाचलं. मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेली कॉफी उभ्या उभ्या पिऊन टाकली.

पास आला. फोटो, अंगठा, 'घरकाम', आणि मालकीण म्हणून माझं नाव. पासवाल्यांनी संध्याकाळी सहाच्या आत गेटाबाहेर व्हायचं. सुभेदारांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेलं, आता तिला लपवायचं कसं? मी गेटाबाहेरच्या गल्लीत तिला एक पत्र्याची खोली घेऊन दिली. आम्ही सगळेच बाहेर राहायला गेलो असतो की. पण मुलीची शाळा वसाहतीत, ऑफिस पाच मिनिटांवर, आणि मागच्या खोलीत वारा काय सुंदर येतो! मी मावशीला म्हटलं, "थोडे दिवस." ती म्हणाली, "सेरी." तमिळमधलं हे 'बरं' ती कशालाही म्हणायची.

मग ती रोज सकाळी मोलकरणींच्या रांगेतून यायला लागली. स्वयंपाक करायची, मुलीला जेवायला घालायची, सहा वाजायच्या आत जायची. एकदा तिनं जाताना माझ्याच घरातला मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा पिशवीत घातला. गेटवरच्या शिपायानं पिशवी उघडली आणि मला ऑफिसात फोन केला: "मॅडम, उंग वेलक्कारी..." तुमची मोलकरीण डबा नेतेय, तुम्ही दिलाय का? माझ्यासमोर साहेब बसलेले. मला राग आला, आणि तो शिपायाचा नाही, तिचा आला. विचारून न्यायला काय झालं होतं! शिपायाला मी सांगितलं की दिलाय. दुसऱ्या दिवशी तिलाही सुनावलं. त्यानंतर तिनं माझ्या घरातून काहीही नेलं नाही.

सहा महिन्यांनी पासाची मुदत संपत आली. मी फॉर्म आणला, 'काम समाधानकारक' यापुढे खूण केली, सही केली. मावशीनं तो बघितलासुद्धा नाही. कमरेच्या बटव्यातून नवा पास काढून तिनं माझ्यासमोर धरला. मालकीण म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईचं नाव. ही बाई पुण्याची, नुकतीच बाळंत झालेली. मावशी दुपारी तिच्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालते, हे मला ठाऊकच नव्हतं.

"म्हणजे तू लोकांकडे कामाला जातेस?" माझा आवाज चढला. "लाज नाही वाटत?"

"तिच्या घरीं मी कामाला आहें, म्हणून मी कामवाली," ती शांतपणे म्हणाली. "ती मज खुर्चीवर बसवून ताट वाढते. तुझ्या घरीं मी कोण होतें?"

मी सही केलेल्या फॉर्मची घडी घातली. ते सांगायचं तर सुभेदारांपुढेच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या मजल्यावर आली नाही. आठवडाभर मीही ताठ्यात राहिले. मग एका दुपारी जिन्यात तेलाचा आणि शिकेकाईचा वास आला, खाली बाळ हसत होतं. मी कठड्यावरून वाकले आणि हाक मारली, "मावशी!"

ती दारात आली, हात पदराला पुसत. तिनं वर पाहिलं. जन्मभर मला 'तू' म्हणणारी ती बाई अदबीनं म्हणाली,

"काय काम होतें, बाईसाहेब?"