चपला काढा, ताई

माणूस धडधाकट असला की त्याच्याकडं सांगण्यासारखं फारसं काही नसतं. आजारी पडला की रोज एक किस्सा दारात येऊन बसतो. माझा आजार सावकाश चालतो, किस्से मात्र भराभर जमले.

मी शिरड शहापूरजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवते. गेल्या वर्षी नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे, पण फार हळू वाढणारा. आत्ताच औषध देऊन फायदा नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि घरी लक्ष ठेवायचं. वजन उतरतं का, झोपेत घामानं भिजायला होतं का, मानेत-काखेत गाठ येते का. तसं काही दिसलं तर लगेच या म्हणाले.

आमचे हे खुर्चीवरून उठेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, एखादी गोळी तरी लिहा. गावात सांगायला."

डॉक्टर हसले नाहीत. ताकदीची एक गोळी लिहून दिली. विचारेल त्याला मी तीच दाखवते.

*

गोळीनं गावाचं समाधान झालं नाही. औषध नाही म्हणजे डॉक्टरनं हात टेकले, असाच अर्थ सगळ्यांनी लावला. माझ्या माहेराहून, डोंगरकडा गावाहून, भावजय भेटायला आली. पुरणपोळ्या आणल्या आणि मी खात असताना समोर बसून रडली. निघताना एक हिरवी साडी हातात दिली. रंग इतका छान, की मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात हीच नेसते.

ती गडबडली. "ही नेसायची न्हाई अक्का. ही ठेवायची."

आमच्याकडं बाई गेली की अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते. ऐनवेळी धावपळ नको म्हणून ती आधीच देऊन चालली होती. मनानं वाईट नाही ती, पहिल्यापासून कामाला पक्की.

मी लग्नात तीच नेसले. फोटो मोबाइलवर तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान दिसता अक्का. आता दुसरी आणावी लागंल."

*

घामाचं खातं आमच्या ह्यांच्याकडं. रोज सकाळी माझी उशी हातानं चाचपून बघतात. मे महिन्यात आमच्याकडं लाइट टिकत नाही, सगळं गावच भिजून उठतं. एका सकाळी माझी उशी ओली लागली आणि यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, स्वतःची पण बघा की. त्यांनी स्वतःची दाबली, परत माझी दाबली.

"तुझी जास्त ओली हाय."

ती घामानं ओली झाली नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

*

गाठी माझ्या मीच चाचपते. राहिलं वजन. ते कौसल्याबाईंकडं. त्या आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस, शेजारच्या तांड्यावरच्या. बारा वर्षं आम्ही दोघी सोबत आहोत.

दर महिन्याला आम्ही लेकरांची वजनं करतो. तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा असतो. लेकरू लाल पट्ट्यात गेलं की आईला चारचौघींत मान खाली घालावी लागते. म्हणून काही आया लेकराच्या पायात बूट तसेच ठेवतात, अंगात दोन-दोन स्वेटर घालून आणतात. कौसल्याबाई कुणाला सोडत नाहीत. "काढ ते बूट. काट्याला फसवून लेकरू बाळसं धरतं व्हय?"

हे वाक्य मूळचं माझं. पहिल्या वर्षी मीच त्यांना शिकवलं.

लेकरं आटोपली की त्या मला मोठ्या काट्यावर उभं करतात. "चपला काढा, ताई." आकडा मोठ्यानं वाचतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. सत्तावन्न. सत्तावन्न. एकदा अठ्ठावन्न भरले, तर त्यांनी लेकरांना गूळ वाटला.

गेल्या महिन्यात मी चढले. चौपन्न. उतरून परत चढले. चौपन्नच.

बाहेर ओट्यावर आया बोलत बसल्या होत्या. आकडा वाचायला वाकलेल्या कौसल्याबाई वाकलेल्याच राहिल्या. पेन हातात तसंच.

मग त्या दारापाशी गेल्या. माझ्या चपला उचलून आणल्या आणि काट्यासमोर नीट जोडून ठेवल्या.

"घाला ताई," त्या म्हणाल्या, "अन् पुन्हा चढा."