कडुनिंबाचा ब्रेक

माझं लग्न कडुनिंबाच्या एका फांदीमुळे जमलं. पत्रिका नंतर पाहिल्या, त्याही जुळल्या; पण तोवर त्यांना ठरवायला फारसं काही उरलं नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा आणि ऊन आमचं, अशी सोयीची वाटणी होती. आम्ही बुलढाण्याचे, म्हणजे घाटावरचे. घाटावरच्या माणसाला घाटाखालच्याची नेहमी दया येते, कारण तो बिचारा उकडतो. घाटाखालच्यालाही आमची दया येते, कारण आमची जमीन मुरमाड. अशा परस्परांच्या दयेतून सोयरिकी जमत.

मी नागपूरहून नुकताच बी.ए. होऊन आलो होतो, आणि ही बातमी भेटेल त्याला पहिल्या दोन वाक्यांत कळेल अशी व्यवस्था ठेवली होती. स्थळ आलं ते घाटाखालच्या एका गावातलं. मुलीचे वडील नानासाहेब, ओलिताची जमीन, दाराशी जनावरं. मुलगी मी आधीच पाहिली होती. एका लग्नात ती आमच्या पंगतीला वाढत होती. मी "पुरे!" म्हणालो आणि तिनं खरोखरच पुरे केलं. (आमच्याकडच्या पंगतीत "पुरे" हा शब्द "अजून वाढा" या अर्थी घेतात. ऐकणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली!) तेव्हापासून माझं मन दुसऱ्या स्थळांत लागेना.

अडचण होती ती नानासाहेबांची. आलेली स्थळं ते एकाच कारणासाठी परतवून लावत. "पोरगं कमी शिकलं तं चालते," ते म्हणत, "पन एका जागी टिकलं पाहिजे. उंडगं पोरगं आपल्याले नोको." शिवाय अमरावतीचं एक स्थळ त्यांना बरं वाटू लागलं होतं. मृग कोरडा गेला होता, आषाढ तोंडावर होता. आता ठरलं नाही तर दिवाळीपर्यंत अमरावती वाट पाहणार नव्हती.

असल्या माणसाकडे सायकलवरून जाऊ नये, हे बी.ए. न झालेल्यालाही कळतं. पण माझ्यासोबत येणार होते बापूकाका. हे वडिलांचे धाकटे भाऊ. पुण्याला सहा महिने राहून आल्यापासून ते घरातसुद्धा पुस्तकी बोलत. त्यातून त्यांच्या हाती कुणा साहेबाचं सायकलप्रवासाचं पुस्तक लागलं होतं.

"बैलांच्या दमणीत बसून मुली पाहायला जाण्याचा काळ मागे पडला, वसंता! आपण पर्वतप्रदेशातून सायकलींनी प्रवास करत जाऊ. मंडळींवर छाप पडेल."

"पर्वत म्हणजे आपला राजूरचा घाट का, काका?"

"साहेबानं याहून लहान टेकाडाला पर्वत म्हटलं आहे."

सायकली दोन्ही काकांच्याच. नवी त्यांना, जुनी मला. जुनीचा ब्रेक दाबला की मोठा आवाज होई. दुसरं काही होत नसे. घाटाच्या तोंडाशी मी हे निदर्शनास आणलं, तर काका खूश झाले. याच क्षणाची ते वाट पाहत होते!

"साहेब अशा उतारावर सायकलमागे झाडाची फांदी बांधतो. ती जमिनीवर घासते आणि वेग आवरते. निसर्गाचा ब्रेक!"

"मग बाभळीची तोडू?"

"काट्यांनी ट्यूब फाटेल. कडुनिंब. बिनकाट्याचा आणि औषधी."

त्यांनी दोन फांद्या तोडल्या, काथ्याच्या दोरीनं बांधल्या आणि वर आपली खास गाठ मारली. उरलेले डहाळे ऊन लागू नये म्हणून माझ्या टोपीत, कोटाच्या गळ्यात आणि खिशांत खोचले. मुलगी पाहायला निघालेला मी पुढून नवरदेव आणि मागून सरपण दिसत होतो.

निसर्गाचा ब्रेक लागला, पण लागला काकांच्या सायकलला. साहेबाच्या मोठेपणाला शोभेल म्हणून त्यांनी स्वतःला अर्धं झाड बांधून घेतलं होतं. भर उतारावर त्यांना पायडल मारावे लागत होते! माझी फांदी मात्र तशी नाजूक. मी सुटलो ते धुळीच्या लोटातच.

"वसंता, सावकाश!" वरून पुणेरीत आरोळी आली. पुढच्या वळणाला ती बदलली होती. "अबे, थांब बे! मले सोडून कुठी चालला?"

घाट संपला तसा मी फांदी सोडवायला उतरलो. गाठ सुटेना. चाकू काकांजवळ, काका घाटात, आणि नानासाहेबांनी सांगितलेली वेळ झालेली. म्हटलं, गावाच्या शिवेपर्यंत तशीच नेऊ. तिथे कुणाचा तरी विळा मिळेलच.

एवढ्यात मागून ओढ लागली. वळून पाहतो तो एक बकरी!

त्या दिवसांत घाटाखाली हिरवं पान दिसत नव्हतं, आणि मी तर चालतं-फिरतं रान घेऊन निघालेलो. मी "हाड!" म्हणालो. त्या आवाजानं आणखी बकऱ्या आल्या. मी जोरात पायडल मारले, त्यांनी जोरात पाय उचलले. शीव कधी आली आणि कधी गेली, कळलं नाही. अंगभर धूळ, टोपीत पाला आणि मागे कळप अशा थाटात माझा गावात प्रवेश झाला.

"धोंडी आली! धोंडी आली वं!" गल्लीतून पोरं ओरडत सुटली.

पाऊस लांबला की आमच्याकडे एका माणसाला कडुनिंबाच्या पाल्यानं मढवून दारोदार फिरवतात. त्याला धोंडी म्हणतात. काठीला एखादा बेडूकही टांगतात. घरची बाई धोंडीच्या डोक्यावर पाणी ओतते, सुपातून ज्वारी देते आणि आभाळाकडे पाहते. त्या गावात दोन दिवसांपासून धोंडी काढायचं घाटत होतं, पण व्हायला कुणी तयार नव्हतं. आणि इथे एक जण घाटावरून, स्वखुशीनं, सायकलवर येत होता!

पळ काढावा म्हणून मी जोर केला, तर सायकल जागीच थांबली. एक पाय खाली टेकवून मी वर पाहिलं. समोर मोठा ओटा, ओट्यावर एक म्हातारी, आणि दारातून घागर घेऊन येणारी मुलगी. तीच, पंगतीतली!

गावातली एवढी घरं सोडून मी नेमका नानासाहेबांच्या दारात अडकावा, या योगायोगाचं मला पुढे फार वर्षं नवल वाटत राहिलं.

"मी धोंडी न..." एवढं मी म्हणालो. पुढचं पहिल्या घागरीनं गिळलं.

"बेडूक कुठी हाये वं याचा?" म्हातारीनं विचारलं. ती मुलीची आत्या.

"आत्या, हाच पाह्य ना बेडकावानी डोळे वटारून!" म्हणत मुलीनं दुसरी घागर आणली.

मी बी.ए. आहे, हे सांगण्याची माझ्या आयुष्यातली खरी गरज त्या क्षणी होती. पण तोंड उघडलं की पाणी आत जाई. तिसरी घागर रिकामी होत आली.

"बस कर ना पोरी! हिरीले पानी नाही अन् तू त्याले आंघोळ घालून राह्यली."

"हालूनच नाही राह्यला तो, आत्या! त्याले अजून पाहिजे."

"पुरे!" मी कसंबसं ओरडलो.

आणि ती थांबली. लगेच. घागर तशीच तिरपी धरून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन सूप आणलं, ओठ घट्ट मिटून माझ्या ओल्या टोपीत ज्वारी ओतली आणि आत पळाली. आतून जो आवाज आला, तो रडण्याचा नव्हता एवढं नक्की.

तेवढ्यात काका आले. फांदी त्यांनी घाटातच कापून टाकली होती आणि पुणेरी भाषा पुन्हा चढवली होती. बाजूच्या बैठकीतून नानासाहेब पायरीवर आले. काकांनी त्यांना नमस्कार केला.

"आमचे चिरंजीव पुढे आले असतीलच. सायकलवरून."

"सायकलवर तं एकच आली," नानासाहेब म्हणाले. "धोंडी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ज्वारीकडे पाहिलं.

मला बैठकीत घेतलं, कोरडं धोतर दिलं. (नानासाहेब माझ्या दीडपट असल्यानं ते धोतर मला तंबूसारखं झालं.) मग नानासाहेबांनी काकांना विचारलं, "हे असंच फिरते काय?"

"हा पर्वतप्रदेशातला प्रवास होता," काका म्हणाले.

"म्हंजे उंडगं हाये."

झालं! मला डोळ्यांसमोर अमरावती दिसू लागली. मी टोपी उचलली आणि ती ज्वारीसकट डोक्यावर घातली. ज्वारी बैठकभर पसरली. मी ती वेचू लागलो, म्हणजे निदान खाली पाहायला कारण मिळालं.

तोच दारात आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. "नाना, पोरगी काय म्हणते ऐकलं का? म्हणे, तीन घागरी वतल्या, पन मानूस जागचा हालला नाही."

नानासाहेबांनी मान वळवली. "तीन?"

"काठोकाठ. म्या सोता पाह्यलं."

"अन् पळाला नाही?"

"खांबावानी उभा!"

नानासाहेब विचारात पडले. "अमरावतीवाल्याच्या मांडीवर बोटभर चहा सांडला," ते हळू आवाजात म्हणाले, "तं तो कोनाड्यापर्यंत उडला होता." मग माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "राहू द्या ज्वारी, जावईबुवा. कोंबड्या खातीन."

आषाढाच्या आत लग्न झालं. पाऊस मात्र लगेच आला नाही, आणि त्याचा दोष गावानं सायकलला दिला.

त्यानंतर माझ्या स्थैर्याची ख्याती भावकीत पसरली. कुणाचं पोरगं चंचल निघालं की त्याला माझ्यासमोर आणून बसवत आणि मी गंभीर चेहऱ्यानं स्थैर्यावर बोलत असे. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी हाललो नाही, कारण हालता येत नव्हतं. अर्धा कळप मागे फांदीवर पाय रोवून जेवत होता!

परवा आमच्या धाकट्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. त्या निमित्तानं मी घरात पुन्हा याच विषयावर बोलायला उभा राहिलो. ही गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"बसा आता. बकऱ्या दिसत होत्या मले."

मी बसलो. "मग नानांना सांगितलं का नाहीस?"

"कायले सांगू? आमच्याच तं होत्या. रोज दुपारी पान्याले घरी येत. त्या दिवशी तुमाले घेऊन आल्या."

म्हणजे तो योगायोगही गेला! मी मुलगी पाहायला गेलो होतो, ही आमच्या घरातली समजूत चुकीचीच म्हणायची. मला बकऱ्यांनी आणलं. आणि त्यांनी आणलेल्यातलं जे काही कामाचं होतं, ते त्यांनी दारातच खाऊन टाकलं. उरलेलं हिच्या वाट्याला आलं.