पंचाच्या जागी उभे राहणारे डॉक्टर

मध्यंतराची शिट्टी झाली की आम्ही सगळे वर गॅलरीतल्या चहाच्या टेबलाकडे धावायचो आणि भूलवाले डॉक्टर कोर्टावर उतरायचे. पूर्वार्धात ज्या निर्णयावरून आम्ही सर्वांत जास्त ओरडलेलो असू, तो देताना पंच जिथे होता नेमक्या त्या जागी जाऊन ते उभे राहायचे. पंच बुटका असेल तर गुडघे वाकवायचे. डोळे बारीक करून बास्केटकडे बघत राहायचे. फरशी पुसणारा माणूस त्यांना वळसा घालून जायचा.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होतो. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे सामने बघायला साठ-सत्तर माणसं जमत, त्यांत आम्ही चार-पाच मराठी. डॉक्टर नागपूरचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. हॉस्पिटलात ऑपरेशनआधी भूल द्यायचे. आमच्यात आणखी एक डॉक्टर होते, म्हणून हे 'भूलवाले'. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळले होते. सामना चालू असताना चेंडूकडे मात्र क्वचितच बघत. ऑपरेशनच्या वेळी सगळे सर्जनच्या हातांकडे बघतात, मला दुसरीकडे बघायचा पगार मिळतो, तीच खोड लागली, असं म्हणत.

आमच्यातला सर्वांत मोठा आवाज कुलकर्ण्याचा. तो पुण्याचा, आणि त्याच्या मते आयर्लंडमधले सगळे पंच आमच्या कॉलेजच्या विरोधात होते. डॉक्टर गुडघे वाकवून उभे राहिले की तो वरून विचारायचा, "डॉक्टर, काही पडलं का तुमचं?" डॉक्टर शांतपणे वर यायचे आणि अहवाल द्यायचे. एकदा ते म्हणाले, तिथून धक्का दिसूच शकत नव्हता, मध्ये आपलाच उंच पोरगा उभा होता. कुलकर्णी भडकला. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे आहात, असं त्याने विचारलं.

"आपल्याच. म्हणून तर विचारतो," डॉक्टर म्हणाले. "सात फ्री थ्रो हुकले आपले, समोर कोणी अडवत नसताना. ते बी पंचानंच मारले का बे?"

शेजारच्या आयरिश पोरांना मी याचं भाषांतर करून सांगितलं. पुढचे कित्येक सामने फ्री थ्रो हुकला की ती पोरं पंचाकडे बोट दाखवून हसत.

माझा स्वभाव वेगळा. मला शिव्याही देता येत नाहीत आणि असं कुतूहलही वाटत नाही. मला फक्त आपली माणसं जिंकायला हवी असतात. यजमान कॉलेजने सामन्याच्या टेबलावर आपली माणसं बसवायची असतात, एक गुण लिहायला, एक घड्याळ चालवायला. कोणी मिळेना म्हणून घड्याळ माझ्याकडे आलं. टेबलावर बसलेला माणूस कोणाचाच नसतो, असं मला बजावलं होतं. मी मान डोलावली होती.

उपांत्य फेरीत जाण्यासाठीचा सामना होता. दोन सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे. चेंडू बाहेरून आत आला. खेळाडूचा हात लागताक्षणी मी थांबलेलं घड्याळ सुरू करायचं बटण दाबायला हवं होतं. आमच्या पोराने चेंडू झेलला, दोन टप्पे टाकले, वळला. मी बघत राहिलो. अंगठा बटणावरच होता. दाबला, पण उशिरा. चेंडू रिंगमधून गेला आणि मग भोंगा वाजला.

पाहुणी टीम पंचांवर तुटून पडली. मुख्य पंच मलिंगार गावाजवळचे शाळामास्तर, तीन तास गाडी चालवून आलेले. ते टेबलापाशी आले आणि त्यांनी मला विचारलं, घड्याळ ठीक होतं ना? मी तिथल्या सवयीने "ग्रँड" म्हणालो, म्हणजे एकदम ठीक. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बास्केट मान्य केली. आम्ही जिंकलो.

अंगठ्याची चूक मी स्वतःला माफ करू शकतो. त्या एका शब्दाची नाही.

हॉल रिकामा झाल्यावर डॉक्टर टेबलाशी आले. त्यांनी मला उठवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीवर बसले. बराच वेळ समोर बघत राहिले.

"इथून तर सगळं स्वच्छ दिसते," ते म्हणाले. "दोन टप्पे पडले तरी घड्याळात दोनच होते."

त्यांनी आवाज चढवला नाही. पाहुणे त्या पंचाविरुद्ध तक्रार करणार आहेत, तू स्पर्धेच्या कमिटीला पत्र लिही, साक्षीदार म्हणून माझं नाव टाक, एवढंच म्हणाले. तुम्हीच का सांगत नाही, असं मी विचारलं. तेव्हा म्हणाले, "मी सांगितलं तर चुगली. तू सांगितलं तर दुरुस्ती."

पत्र मी चार वेळा लिहिलं. एकदाही पाठवलं नाही. तक्रार झाली. मोसम संपल्यावर कळलं की त्या मास्तरांनी पंचगिरी सोडली. कुलकर्ण्याला अतोनात आनंद झाला.

त्याच उन्हाळ्यात डॉक्टर कायमचे नागपूरला परत निघाले. त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो. बॅग उतरवताना त्यांनी विचारलं, पाठवलंस? मी म्हणालो, पाठवलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. परतीच्या रस्त्यावर मला गाडी बाजूला थांबवावी लागली.

वर्षभराने मी नागपूरला फोन केला आणि सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. "पत्र गेलं असतं तर कमिटीनं साक्षीदाराला काही विचारलं असतं ना."

"मग विमानतळावर हात का धरलात?"

"खोटं बोलणं जमलं नाही ना तुला. म्हटलं, अजून आशा आहे." मग आतल्या खोलीतल्या कोणाला तरी त्यांनी दूध उतू जातंय असं सांगितलं आणि पुन्हा फोनवर आले. "कमिटी राहू दे आता. तो माणूस राहतो कुठं?"

पुढच्या शनिवारी मी मलिंगारला गेलो. मास्तर अंगणात कुंपणाला रंग देत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. दोन सेकंदांत इतकं होत नाही, असं त्यांना त्या क्षणीच वाटलं होतं, पण टेबल ठीक म्हणालं. मग त्यांना वाटायला लागलं की आपलीच नजर आणि अंदाज गेले. त्यानंतर प्रत्येक शिट्टीला हात अडखळायचा. म्हणून सोडलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. रागावलेच नाहीत. मला ते ऐकवेना. मी माफी मागितली, चहालाही थांबलो नाही, निघालो.

गावाबाहेर गाडी थांबवून नागपूरला फोन लावला. किती वाईट वाटतंय, किती हलकं वाटतंय, हेच मी सांगत होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुन्हा शिट्टी घेणार का तो?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दीड वर्ष त्या माणसाचा विचार करत होतो असं मला वाटत होतं, आणि त्याच्या दारात मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"काऊन नाही विचारलं?" डॉक्टरांच्या आवाजात दोष नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी फोन ठेवला आणि गाडी वळवली.