आमच्या साडूंचं लाल बटण

जगात जेवढी गाणी अर्धवट राहिली आहेत, त्यांतली निम्मी तरी आमच्या साडूंच्या यंत्रात आहेत. उरलेली निम्मी ते येत्या रविवारपर्यंत गोळा करतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. राहणार अंबरनाथ पश्चिम, नोकरी कारखान्यात आणि मुख्य धंदा चाली सुचण्याचा. पाच वर्षांपूर्वी त्यांनी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढं एक यंत्र आणलं. वर सोळा रबरी बटणं, कोपऱ्यात एक लाल. लाल दाबलं की समोरचा आवाज आत जातो आणि मग रबरी बटणावर तो हवा तितक्या वेळा वाजवता येतो. "साईं, इसमें पूरा ऑर्केस्ट्रा है," असं दुकानदार म्हणाला होता. असेलही. पाच वर्षं तो आतच बसून आहे.

सुचलेली चाल तिथल्या तिथे धरली नाही तर पळते, ही साडूंची ठाम समजूत. म्हणून यंत्र कायम गळ्यात. भाजी घेताना, अर्धी दाढी झालेली असताना, समोरचा माणूस आपल्या मूतखड्याबद्दल कळवळून सांगत असताना त्यांचा चेहरा शिंक येऊ घातल्यासारखा होतो. "साडूभाऊ, एक मिनिट. आली!" मग पंचनामा करणाऱ्या हवालदाराच्या आवाजात यंत्राला आधी स्थळ सांगायचं, "अंबरनाथ, रिक्षा, तीन," आणि मग लाल बटण. ही 'रिक्षा, तीन' स्टेशनबाहेरची. तिचा सायलेन्सर फाटला होता आणि साडूंनी ती चार वेळा रेस करायला लावली. "काका, बसायचंय का नुसतं ऐकायचंय? पटकन बोलो ना!" रिक्षावाला वैतागला. साडू बसले नाहीत. आवाज मिळाल्यावर चालत घरी गेले.

माझ्या पुतण्यासाठी बदलापूर गावात मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून साडूंना बरोबर नेण्याचा शहाणपणा मीच केला. सगळं जुळलं. मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मग होकार समजायचा ना?" साडूंनी गंभीरपणे एक बोट वर केलं. मुलीच्या आईनं पदर तोंडाशी नेला. यांची आता कसली अट निघते, म्हणून सगळे श्वास रोखून बसले. त्या शांततेत साडू म्हणाले, "बदलापूर गाव, झोपाळा, दोन," आणि झोपाळ्याची कडी दोनदा करकरवून घेतली. लग्न झालं, पण सूनबाई अजून त्यांच्यासमोर झोपाळ्यावर बसत नाही.

हा सगळा खटाटोप एका गाण्यासाठी होता. साडूंच्या आई पूर्वी वस्तीतल्या बायकांच्या गायन पार्टीत भीमगीतं गायच्या. शब्द स्वतः जोडायच्या, कागदावर एकही नाही. पार्टी मोडली, आई फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि त्यांचं गाणं थांबलं. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी पुन्हा उभं राहावं आणि मागं आपलं संगीत असावं, एवढीच साडूंची इच्छा. "आईचं वय झालंय, साडूभाऊ. एक तरी पूर्ण झालं पाहिजे." मंडळ तीन वर्षं त्यांच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवत होतं आणि तीन वर्षं त्या दहा मिनिटांत आभारप्रदर्शन होत होतं. कारण साडूंचं काहीही चार सेकंदांच्या पुढे जात नसे.

यंदा जयंतीआधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आई तांदूळ निवडत होत्या. साडू ढोलकीच्या जागी रिक्षा आणि झांजेच्या जागी झोपाळ्याची कडी घालून केलेला तुकडा वाजवत होते. तोच, अर्धा तास.

"काय रे, दारातनं निघतो नि परत दारातच येतो," आई ताटातून मान वर न करता म्हणाल्या. "पुढं जा की!"

"पुढचंच सुचत नाही ना, आई."

आणि आई पुढं गेल्या. बोटं तांदळातच होती. शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून अक्षरं ऐकणाऱ्या एका पोरीचं गाणं होतं ते. तीन कडवी, अखंड, त्या फुटक्या रिक्षाच्या ठेक्यावर. स्वयंपाकघरातून ताई लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"घेतलंत ना?" गाणं संपल्यावर मी विचारलं.

साडूंनी लाल बटणाकडे पाहिलं. "दाबायचं राहिलं," ते म्हणाले. "ऐकत होतो."

पाच वर्षं मी या माणसाला हसत आलो. पण मोबाईल माझ्याही खिशात होता आणि मलाही सुचलं नव्हतं.

"आई, परत म्हण ना."

"आता कुठलं? आलं नि गेलं." आईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

जयंतीला यंदाही आभारप्रदर्शनच झालं. पण तेव्हापासून दर रविवारी साडू तो तुकडा लावतात आणि तांदळाचं ताट आईंपुढं सरकवतात. तांदूळ आदल्या रविवारीच निवडलेले असतात. आईंना ते कळतं, तरी त्या निवडतात. ओठ किंचित हलतात, साडूंचा अंगठा लाल बटणावर जातो आणि ताट संपतं. परवा त्यांच्याकडे जाताना मी जिन्याखालचे चार बारीक खडे खिशात घालून गेलो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच ताटात टाकले. निवडायला जरा जास्त वेळ लागेल, म्हणून.