तळ्यातल्या देवळाची अर्धी प्रदक्षिणा

दुसऱ्या लग्नासाठी माणूस बघायचा तर माझ्या घरी नको, असं मीच म्हटलं होतं. वडवणीत आमची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मी एकटी चालवते. परका पुरुष चहाला आला की दळणाबरोबर ती बातमीही घरोघरी जाते. म्हणून धाकट्या भावानं बीडमधलं तळ्यातलं देऊळ ठरवलं.

"आक्का, तिथं तर कॉलेजातली पोरं-पोरी बसत्यात," भावजय रिक्षात म्हणाली.

"मग आमीबी बसू."

"लई चावट झालात तुमी."

भावाचं म्हणणं सरळ होतं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला, तो परत यायचा नाही. उद्या मी अंथरूण धरलं तर तांब्याभर पाणी कोण देणार? स्थळ चांगलं होतं. शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर, बायको वारलेली, मुली सासरी. हो की नाही ते आजच सांगायचं होतं. मला लाज वाटत नव्हती, भीतीही नाही. दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी मी रिक्षात बसले होते.

चौकोनी तळं, मधोमध काळ्या दगडाचं देऊळ आणि काठापासून तिथवर गेलेली दगडी वाट. पाणी हिरवं, कडेला बाटल्या तरंगत होत्या. मास्तर आधीच येऊन थांबले होते. भाऊ-भावजय काठावरच बसले. आम्ही दोघं वाटेनं आत गेलो. मास्तर पुढं, मी मागं.

"यात चुना नाही," ते म्हणाले. "दगडाला खाचा पाडून एकमेकांत बसवलेत. सगळं वजनावर उभं आहे. कुणी यादवांच्या काळातलं म्हणतं, कुणी त्याआधीचं. ते भांडण अजून मिटलेलं नाही."

"आणि तळं आधीचं की देऊळ?"

"हे मला आजवर एकाही पोरानं विचारलं नाही," ते खुशीत म्हणाले, आणि उत्तर द्यायचं विसरून भिंतीकडे वळले. "ही भिंत बघा, सरळ जात नाही. कोनाकोनानं वळते, चांदणीसारखी. म्हणून ऊन कुठल्या ना कुठल्या मूर्तीवर असतंच. आणि ही बाई, हातात शस्त्र आहे तिच्या."

"दळण दळणारी नाही का कुठं?"

ते हसले. "तिला दगडात कोण कोरणार?"

माणूस बरा होता. असं बोलत बोलत आम्ही बाहेरून प्रदक्षिणा घालत होतो. गाभाऱ्यातल्या अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं, ती दगडी पन्हळ आली. महादेवाचं ते पाणी ओलांडत नाहीत. तिथून मागं फिरायचं असतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी थांबले. मास्तरांचे डोळे वर, मूर्तींवर. त्यांनी पाय उचललेला मला दिसला. माझा हात मोकळा होता. तोंडही.

ते बोलत बोलतच पन्हळ ओलांडून गेले आणि कोपऱ्याआड वळले. काही वेळ भिंतीपलीकडून आवाज येत राहिला. खांबांवरच्या नक्षीचं काहीतरी सांगत होते. मी आल्या वाटेनं परत दाराशी आले. ते पूर्ण फेरा घालून समोरून आले.

"ओलांडलं का मी?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बायको मागून सदरा ओढायची. मला कधी लक्ष ठेवावंच लागलं नाही." मग म्हणाले, "तुमच्या ध्यानात आलं नव्हतं?"

"आलं होतं."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. आम्ही आत जाऊन नमस्कार केला आणि वाटेला लागलो. या वेळी मी पुढं होते.

नवरा गिरणीच्या पट्ट्याजवळ नुसता वळला तरी मी ओरडायची. "आगं हळू, बहिरा न्हाई मी," म्हणायचा. तेव्हा ओरडायचं असं कधी ठरवावं लागलं नव्हतं.

मास्तर निरोप घेऊन गेल्यावर भाऊ उठला. "मग, आक्का?"

"न्हाई."

"कावून? काय वाईट हाय मान्सात?"

"काहीच न्हाई. चांगला हाय."

"काय वंगाळ बोलला का?" भावजयीनं विचारलं.

"देवळाचं बोलला."

"मंग तेच चुकलं त्यांचं," ती म्हणाली.

मी ते तसंच राहू दिलं. स्टँडवर वडवणीची गाडी लागलेली होती, आणि संध्याकाळची दळणं काढायची होती.